तेहतिसाव्या दिवसाची बॅग

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. नवऱ्यापाशी नाही, आईपाशी नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणूनच बहुतेक तोंड उघडतंय.

मी भिवंडीत एका रक्तपेढीत टेक्निशियन आहे. जवळच्या कोन गावाहून रोज रिक्षानं येते. नसरीन आणि मी एकाच महिन्यात नोकरीला लागलो. एकच टेबल, डबाही एकत्र. ती इथल्या जुन्या कोकणी मुसलमान घरातली, वडिलांचा जन्म पॉवरलूमवर कापड विणण्यात गेलेला. मी आगरी घरातली. दोघी अगदी बहिणी-बहिणी, असं सगळे म्हणायचे. मीही म्हणायचे.

खरं सांगू? मी तिच्यावर जळायचे.

तिचा हात हलका. सुई कधी गेली ते कळायचंसुद्धा नाही. रक्तदानाच्या कॅम्पमध्ये तिच्या खाटेपुढे रांग, माझी खाट रिकामी. इकडे या ना, म्हटलं की लोक म्हणायचे, राहू द्या ताई, थांबतो आम्ही. मी हसायचे. नवीन मुली आल्या की साहेब सांगणार, शिकायचं तर नसरीनकडे बघा. मी तिथंच उभी असायचे—मला काय डोळे नव्हते, हात नव्हते?

बरं, ती खडूस असती तर गोष्ट वेगळी. पण नाही! डब्यातलं कालवण आधी माझ्याकडे सरकवणार. माझी मुलगी तापानं फणफणली होती तेव्हा स्वतःची ड्युटी संपवून माझीही करून गेली, आणि वर कुणाला बोलली नाही. मला तिचा तोही राग आला. एवढं चांगलं वागायची गरज काय होती?

मग तिचे अब्बा आजारी पडले. पोटातला अल्सर फुटला, खूप रक्त गेलं, आणि त्यांना आयसीयूत व्हेंटिलेटरवर ठेवलं. नसरीन रजेवर गेली. त्याच रविवारी अंबाडीला कॅम्प होता, तो माझ्या एकटीच्या अंगावर आला. येणारा प्रत्येक जण खाटेवर बसता बसता विचारायचा, नसरीनताई न्हाय आल्या? एका काकांची शीर मला दोनदा टोचूनही मिळेना. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पोरी, तुजा हात लय जड हाय." सगळे हसले. मीही हसले. घरी येऊन जेवले नाही.

मंगळवारी दुपारी नसरीनचा भाऊ अब्बांचा नमुना आणि फॉर्म घेऊन आला. बी पॉझिटिव्ह, एक बॅग. खाली डॉक्टरांनी हातानं लिहिलेलं—शक्यतो ताजी द्यावी. पाठोपाठ नसरीनचा फोन. ताजी असेल तर बघ ना गं, म्हणाली, अब्बांची तब्येत फार नाजूक आहे. बघते, म्हटलं. फ्रीज उघडला.

आमच्याकडे नियम असा, की जिची मुदत आधी संपते ती बॅग आधी बाहेर. पस्तीस दिवस टिकणाऱ्या त्या बॅगा. पुढे जी होती तिचा तेहतिसावा दिवस. खालच्या कप्प्यात त्याच गटाच्या, रविवारच्या कॅम्पच्या चार बॅगा होत्या, तपासण्या झालेल्या, तयार. आणि नियमालाही सूट होतीच—पेशंट गंभीर असेल, डॉक्टरांनी लिहून दिलं असेल, तर ताजी द्यायला साहेबांची कायमची परवानगी. कितीदा दिलीय मी तशी. अनोळखी माणसांना दिलीय.

माझा हात ताज्या बॅगेवर गेलाही होता. मग मनात आलं—ही तर माझ्या जड हातानं घेतलेली. त्या नसरीनताईला कशाला हवी?

मी जुनी काढली. अब्बांच्या नमुन्याशी क्रॉसमॅच केला, जुळला. तिच्या भावाच्या हातात दिली. नसरीनला फोन केला, ताजी नाहीये गं. वर हळहळलेसुद्धा.

मुद्दाम सांगते, मी अजाण नव्हते. रक्त ठेवलं की पेशी कडक होत जातात, पोटॅशियम बाहेर झिरपतं, हे आम्हाला शिकवलेलं. धडधाकट माणसाला चालून जातं. पण व्हेंटिलेटरवरच्या म्हाताऱ्याला? मला वाटत होतं, बाधेल. वाटत होतं, तरी दिली. ते मरावेत असं माझ्या मनात नव्हतं. तिनं एकदा तरी माझ्याकडे काही मागावं आणि तिला ते मिळू नये, एवढंच हवं होतं. एवढंच—म्हणजे केवढं, ते तुम्हीच बघा.

पाचव्या दिवशी अब्बा गेले. आधी किडन्या गेल्या, मग सगळंच. बॅगेचं नावही कुणी काढलं नाही. मी त्यांच्या घरी जाऊन नसरीनला मिठी मारून रडले. रडणं खोटं नव्हतं, ते कसं, हेही मला धड समजत नाही.

दोन वर्षांनी ठाण्याला आमचं प्रशिक्षण होतं. दोघी शेजारी बसलो होतो. एक डॉक्टर सांगत होते, आयसीयूतल्या पेशंटना जुनं रक्त दिलं काय आणि ताजं दिलं काय, मोठ्या चाचण्यांमध्ये मरणाच्या प्रमाणात फरक आढळला नाही. माझा जीव भांड्यात पडला. पण किती वेळ? त्या मंगळवारी हे मला कुठं ठाऊक होतं?

चहाच्या सुट्टीत नसरीननं मला बाजूला नेलं. "स्टँडला लावलेल्या बॅगेवरची तारीख मी वाचली होती, वनिता," म्हणाली. "दोन वर्षं मनातून जात नव्हतं. त्या दिवशीचं रजिस्टर बघायला कितीदा हात गेला. मग वाटायचं, तुझ्यावर शंका घ्यायची? बघितलं नाही." माझा हात धरला. "तेव्हा खरंच नव्हती ना गं ताजी?"

"नव्हती," मी म्हणाले.

तिनं ओढणीनं डोळे पुसले. "तुझ्याबद्दल काय काय आलं माझ्या मनात," म्हणाली. "मला माफ कर."

आणि मी तिला माफ केलं.