दोन बोटं कोरी जागा

भोरच्या एस.टी. आगारात अल्लाउद्दीन आतारांनी एकतीस वर्षं कंडक्टरकी केली, त्यातली निम्म्याहून जास्त वेल्ह्याच्या गाडीवर. आमच्याकडं कंडक्टरला मास्तर म्हणतात. त्यामुळं दहावी दुसऱ्या खेपेला सुटलेला हा माणूस जन्मभर मास्तर म्हणवला गेला आणि पुढं पुढं त्यालाही ते खरं वाटायला लागलं. निवृत्त झाल्यावर कंडक्टर मंडळी काय करतात? कुणी टपरी टाकतं, कुणी नातवंडं शाळेत सोडतं, कुणी आगाराच्या बाकावर बसून हल्लीच्या पोरांना गाडीत गर्दी आवरता येत नाही म्हणून कुढत राहतं. मास्तरांनी जगातले अणुबाँब काढून टाकायचं काम अंगावर घेतलं.

"घरातलं ढेकूण हटंनात ह्यांच्यानं," त्यांची बायको शमीम शेजारणीला सांगायची, "अन् निघालं बाँब हटवायला." बोलायची असं, पण मास्तर सकाळच्या गाडीनं निघाले की भाकरी बांधून द्यायला ती कधी विसरली नाही.

ह्या वेडाचं मूळ अठ्ठ्याण्णवच्या मे महिन्यात आहे. राजस्थानच्या वाळवंटात आपल्या देशानं अणुचाचण्या केल्या, टीव्हीवर बातमी आली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी भोरच्या बाजारातून दोन किलो पेढे उचलले. वेल्ह्याच्या गाडीत तिकिटाबरोबर पेढा. माणसं खूश. ड्रायव्हरनं तर काही कारण नसताना तीनदा हॉर्न वाजवला. मागच्या बाकावर डोंगरातल्या कातळवाडीची ठकुबाई बसली होती, साठीची, मांडीवर कोंबड्यांची पाटी घेऊन. मास्तरांनी पेढा पुढं केला तशी तिनं विचारलं, "कशापायी?"

"आपला बाँब फुटला, ठकुबाई."

"कुनावर?"

"कुणावर न्हाई हो. वाळवंटात. नुसती चाचणी."

ठकुबाईनं पेढ्याकडं पाहिलं, मग मास्तरांकडं. "मंग ठीव तुजा पेढा. आज नुसता फुटला तर पेढं वाटतुयास, कुनावर फुटंल त्या दिशी काय वाटशील?"

गाडी हसली, मास्तरही हसले. पण वेल्ह्याच्या स्टँडवर उतरून उरलेला पेढा त्यांनी तोंडात टाकला तेव्हा तो गिळता गिळेना. ठकुबाई त्या दिवसापासून डोक्यात बसली ती बसलीच.

निवृत्तीनंतर एकदा पुण्याला गेले असता एका शाळेच्या हॉलमध्ये त्यांना हिरोशिमाच्या फोटोंचं प्रदर्शन लागलेलं दिसलं. ऊन टाळायला म्हणून आत शिरले आणि तीन तासांनी बाहेर आले. तिथंच शेफालीताई भेटल्या. पुण्यातल्या एका नागरिक मंडळाचं काम त्या बघायच्या. त्यांनी नकाशावर बाँबच्या तडाख्याचे घेर काढून दाखवले, आणि मास्तरांनी त्यांना आपला एस.टी.चा हिशोब लावला. एस.टी.त भाड्याचा एक टप्पा सहा किलोमीटरचा असतो. म्हणजे आताचा एक मोठा बाँब पडला की पहिल्या टप्प्यात काही शिल्लक नाही, दुसऱ्या टप्प्यात माणसं भाजतात, आणि त्याच्या पुढच्या टप्प्यांत वाचलेली माणसं पहिल्या टप्प्यातल्यांचा हेवा करतात. हे ते पुढं गावोगाव सांगायचे. एवढं सोपं करून पुण्यातल्या कुठल्या प्राध्यापकालाही सांगता आलं नव्हतं, असं शेफालीताई म्हणायच्या.

मंडळानं लोकसभेला एक याचिका द्यायचं ठरवलं होतं. मागणी साधी होती: जगातल्या सगळ्याच देशांनी ठरलेल्या मुदतीत आपापली अण्वस्त्रं मोडीत काढावीत, आणि त्यासाठी आपल्या संसदेनं सरकारला पुढाकार घ्यायला लावावा. देशोदेशीचे काही खासदार ह्याच कामासाठी एकमेकांना धरून होते, आणि त्यांच्यातल्याच आपल्याकडच्या एकानं याचिका सभागृहात मांडायचं कबूल केलं होतं. फक्त सह्या हव्या होत्या. भोर-वेल्ह्याकडच्या सह्या मास्तरांनी अंगावर घेतल्या.

चौदा महिने लागले. पहिल्या पानावर छापील मागणी, त्याच्या मागं सह्यांसाठी रेघा मारलेले कागद, प्रत्येक कागदाला वरून दोरा ओवायला दोन बोटं जागा सोडलेली. गावात शिरल्यावर मास्तर आधी पहिलं पान मोठ्यानं वाचायचे. त्याच्याही आधी एक वाक्य बोलायचे, "आपल्या एकट्या देशाचा न्हाई, सगळ्यांचाच." अल्लाउद्दीन नावाच्या माणसाला हे वाक्य रामरामाच्या आधी बोलावं लागतं हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. त्यांचं त्यांना कळलं होतं.

पहिला अंगठा घ्यायला ते अर्थातच कातळवाडीला गेले. ठकुबाई आता पंच्याऐंशीच्या पुढं गेलेली, कमरेत वाकलेली, पण जीभ तशीच. मास्तरांनी पेढ्याची आठवण काढली तशी म्हणाली, "पंचवीस सालं लागली व्हय रं तुला उत्तर द्यायला?" अंगठा पुढं केला तिनं. तेवढ्यात डोंगरावरून लढाऊ विमान कडकडत गेलं, गोठ्यातली गाय दावं तोडायला लागली. "ही बी बंद करा म्हनावं," ठकुबाई म्हणाली. "जल्माची धडकी भरत्ये."

पण तिचा मुलगा धनाजी मध्ये आला. कागद हातात घेऊन त्यानं ती वरची कोरी जागा बोटानं दाखवली. "मास्तर, हितं काय लिवनार?"

"काही न्हाई. दोऱ्यासाठी सोडलीया."

"त्यो बी असंच म्हनला हुता."

तो म्हणजे कोण, हे वाडीला सांगावं लागत नव्हतं. सहा वर्षांपूर्वी नळपाणी योजनेसाठी म्हणून एक दलाल वाडीत येऊन कोऱ्या डोक्याच्या कागदांवर सह्याअंगठे घेऊन गेला होता. नंतर त्या कोऱ्या जागेत माळ विकायची संमती लिहिलेली निघाली. आज त्या माळावर पुण्याच्या लोकांचे बंगले आहेत, तारेचं कुंपण आहे, आणि धनाजीच्या गुरांना पाण्यावर न्यायचं तर मैलभराचा वळसा आहे. तेव्हापासून अख्ख्या खोऱ्यात कागदाचा वरचा भाग आधी बघायची रीत पडली होती.

मास्तरांनी गळ्याला चिमटा घेतला. "वर एक अक्षर चढणार न्हाई, धनाजी. माझी जबान."

मग हीच जबान त्यांना गावोगाव द्यावी लागली. वेल्ह्याच्या बाजारात, गुंजवण्यात, भोरच्या मोहल्ल्यात, सगळीकडं माणसं वरची दोन बोटं दाखवायची आणि मास्तर गळ्याला हात लावायचे. अकराशे बेचाळीस सह्या आणि अंगठे झाले. गठ्ठा टपालात टाकला त्या दिवशी शमीमनं खीर केली होती.

सहा महिन्यांनी गठ्ठा परत आला. बरोबर खासदारांच्या कार्यालयाचं सभ्य भाषेतलं पत्र होतं. याचिकेच्या सह्या एकाहून जास्त कागदांवर असतील तर प्रत्येक कागदाच्या डोक्यावर मागणी पुन्हा लिहिलेली असली पाहिजे, असा लोकसभेचा नियम आहे. तशी ती नाही. दुरुस्ती करून पावसाळी अधिवेशनाच्या आत पाठवावे.

नियमात खोट काढता येईना, हे तर आणखी वाईट. लोकांनी कशाखाली सही केली ते दिसायला पाहिजे, एवढंच त्या नियमाचं म्हणणं. म्हणजे धनाजीचंच म्हणणं! आधीच मागणी वर लिहिली असती तर दिल्लीही खूश, वाडीही खूश, आणि कुणापुढं गळ्याला चिमटा घ्यायची वेळ आली नसती. अक्कल गहाण टाकून दोऱ्यासाठी जागा सोडली, आणि आता त्याच जागेत मास्तर अडकले होते.

शेफालीताई दुसऱ्याच दिवशी भोरला आल्या, येताना मागणीच्या तीन ओळींचा रबरी शिक्का करून घेऊन. "मास्तर, जागा आयती आहे. संध्याकाळपर्यंत काम होईल."

मास्तरांनी शिक्का शाईवर दाबला आणि पहिल्या कागदावर धरला. खाली ठकुबाईचा अंगठा होता, डाव्या हाताचा, थोडा वाकडा. शिक्का बाजूला ठेवून त्यांनी हात धुतले.

"खोटं थोडंच लिहितोय आपण?" शेफालीताई म्हणाल्या. "तुम्ही त्यांना हेच वाचून दाखवलं होतं."

"व्हय. खरंच हाय ते. पण त्यांनी विचारलं हुतं, अन् म्या न्हाई म्हनलो हुतो."

"नियमानं तुमच्या एकट्याच्या सहीची याचिकासुद्धा चालते."

मास्तर हसले, पण ते हसू बघवत नव्हतं. "एकटा अल्लाउद्दीन बाँब काढा म्हणून दिल्लीला लिवतुया, असं? ताई, तुमी भोरला ऱ्हात न्हाई."

शेफालीताईंना ते कळलं. त्यांची चूक नव्हती, खासदारांची नव्हती. ज्याच्यावर चिडावं असं कुणी सापडेना, म्हणून मास्तर दिवसभर शमीमवर चिडले.

मग सत्तरीतला हा माणूस गुडघ्याला पट्टा बांधून पुन्हा निघाला. ह्या खेपेला प्रत्येक कागदावर आधी मागणी छापलेली. पण मधल्या काळात मे महिन्यात सीमेवरच्या लढाईचे ते चार दिवस होऊन गेले होते. दोन्हीकडून विमानं उडाली, मोबाईलवर दिवसरात्र युद्ध चाललं, आणि वेल्ह्याच्या चहाच्या टपरीवर माणसं शहर निवडून बाँब टाकत होती. गेल्या खेपेला चहा पाजून सही देणारा गोरख आता कागद बघून म्हणाला, "मास्तर, तुमी चांगलं हाय. पर आत्ता ह्ये नका काढू. तुमी तर अजाबात नका." प्रेमानंच म्हणाला तो. म्हणूनच मास्तरांना ते जास्त लागलं.

बाकीच्यांचं म्हणणं निराळंच. एकदा सही दिली ना? मग पुन्हा कशाला? दलालही दोनदा आला होता. मास्तर समजावत, लोक मान डोलावत आणि घरात जात. कुणी पुण्याला कंपनीत गेलं होतं, कुणाच्या घराला कुलूप होतं, आणि जुन्या यादीतली एकोणीस माणसं तर ह्या जगातच नव्हती. महिनाभर वणवण केल्यावर हाताशी आल्या त्रेचाळीस सह्या. त्यातल्या सात त्यांच्याच घरच्या.

मास्तर सगळीकडं गेले, फक्त कातळवाडी मागं ठेवली. तिथं जायची लाज वाटत होती. शेवटी अधिवेशनाचे थोडेच दिवस राहिले तेव्हा एका दुपारी नवा कागद आणि शाईचं पॅड पिशवीत घालून ते डोंगर चढले. त्रेचाळिसाचे चव्वेचाळीस होऊन जगात काय फरक पडणार होता? काही नाही. पण ज्या बाईनं हे डोक्यात घातलं तिच्याविना कागद जाणं त्यांना सहन होणार नव्हतं.

ठकुबाई पडवीत बाजेवर पडून होती, पार हाडाची काडी झालेली. धनाजी शेजारी सुंभ वळत होता. "कान पार गेलं तिचं," तो हळू आवाजात म्हणाला. "वरडलं तरी ऐकू येत न्हाई. मानूस वळखती."

ठकुबाईनं मास्तरांना ओळखलं. बघता बघता चेहरा उजळला तिचा. मास्तर बसायच्या आत तिनं त्यांचा हात धरला.

"पोचला व्हय रं माजा अंगठा दिल्लीला?"

मास्तरांनी पिशवीत घातलेला हात तसाच राहिला.

"म्या म्हनलंच धनाजीला, पोचला आसंल," ती पुढं बोलत राहिली, तिला उत्तर ऐकू येणारच नव्हतं. "कवापास्नं एक इमान न्हाई गेलं वरनं. लई निवांत वाटतंय. गाय बी आता दावं वढीत न्हाई. बंद केलंस तू, मास्तर. बरं केलंस."

धनाजीनं सुंभ वळायचं थांबवलं. मास्तरांनी त्याच्याकडं पाहिलं, त्यानं खाली मान घातली. गोठ्याकडं बघायची गरज नव्हती, त्यातली गाय मागल्या दिवाळीलाच मेली होती.

"धनाजी," ठकुबाई म्हणाली, "आत देव्हाऱ्याम्होरं जत्रंचा परसाद हाय बग. त्यातला पेढा आन मास्तरला. त्या दिशी म्या घ्येतला नव्हता त्याचा."

धनाजी उठून आत गेला आणि कागदात गुंडाळलेला पेढा घेऊन आला, वाळून दगड झालेला. तिनं तो आपल्या हातात घेतला, मोडून दोन तुकडे केले, एक स्वतःच्या तोंडात ठेवला आणि दुसरा मास्तरांपुढं धरला.

त्याच वेळी तोरण्याच्या बाजूनं आवाज उठला. आधी घरघर, मग आख्खा डोंगर हादरवत विमान डोक्यावरून गेलं, त्याच्या मागून दुसरं. पडवीचे पत्रे थरथरले, तांब्यातलं पाणी हललं. धनाजीनं वर पाहिलं. ठकुबाई मास्तरांकडंच बघत होती, पेढा चघळत, त्यांनी खावा म्हणून वाट बघत.

मास्तरांनी पेढा घेतला आणि तोंडात टाकला. कागद काही त्यांनी पिशवीतून काढला नाही.