गोधडीच्या पोटातलं लुगडं

गोजर, चष्मा लाव आणि स्वतः वाच. भारतीला वाचायला दिलंस तर लेक म्हणून ती गोड करून सांगेल.

पारनेरला चौथीपर्यंत आपण एका बाकावर होतो. पुढे तुला शिकवलं नाही, हातात सुई दिली. जन्मभर गोधड्या शिवल्यास, आणि शिरगणतीचा माणूस दारात आला की तुझ्या नावापुढे ‘घरकाम’ लिहून जायचा.

“गोधड्या शिवती आसं लिवा की.”

“त्याला रकाना नाही, आजी.”

म्हणूनच बचत गटाला परदेशातून तान्ह्या बाळांच्या गोधड्यांची ऑर्डर आली आणि प्रत्येक गोधडीवर शिवणारीच्या नावाची पट्टी लागणार असं कळलं, तेव्हा तू ती पट्टी घेऊन गावभर हिंडलीस. मला म्हणालीस, “बग बये, गोऱ्याचं पोर माज्या नावाखाली झोपनार.”

गटाची प्रमुख धनश्री. तिने बजावलं होतं, कापड सगळं नवं कोरं. तू मान डोलावलीस आणि घरी जाऊन आईचं राहिलेलं एकुलतं लुगडं कातरलंस. प्रत्येक गोधडीच्या पोटात एक तुकडा. आपल्याकडे निव्वळ कोऱ्या कापडात बाळ कोण निजवतं? म्हातारीच्या अंगावरचं मऊ झालेलं काहीतरी आत लागतंच. तुला त्यात चूक दिसली नाही, म्हणून तू लपवलंही नाहीस. कुणी विचारलं नाही, इतकंच.

बंदरावर कस्टमवाल्यांनी एक गोधडी उसवून बघितली. देशोदेशी जाणाऱ्या मालाला नंबर असतो. कांद्याचा वेगळा, वाळवलेल्या कांद्याचा वेगळा. नव्या गोधडीचा एक, वापरलेल्या कपड्यांचा आणि चिंध्यांचा दुसरा. कागदावर पहिला नंबर आणि पोटात दुसरा. माल परत आला.

सभेत धनश्री म्हणाली, “आजी, तुमच्या आईमुळे आम्ही चिंध्यावाल्या ठरलो.”

“लुगडं धुतल्यालं हुतं,” तू म्हणालीस.

बाया हसल्या. मनकर्णा, जिला टाका तूच शिकवलास, म्हणाली, “म्हातारीला जहाजात बसवाया निघाली हुती व्हय?” मग आणखी हसल्या.

जिने घातलं तिनेच काढायचं, असं ठरलं. गटाच्या खोलीत, सगळ्यांसमोर, तू एकेक गोधडी उसवलीस, तुकडा काढून पोत्यात टाकलास आणि पुन्हा टाके घातलेस. बोटाला सुई लागून रक्त आलं तर धनश्री एवढंच म्हणाली, “डाग पाडू नका, नाहीतर तिसऱ्याच नंबरात जाईल.” शेवटी तिने तुझ्या नावाच्या पट्ट्या कापून घेतल्या. माल गेला. तुझ्या टाक्यांवर मनकर्णाचं नाव गेलं.

भारतीकडे देवळालीला जायला एसटीत चढताना तू मला म्हणालीस, “बये, ते पोतं तेवडं आन. मला माज्यापुरती एक शिवायचीय.” आता भारती सारखी फोन करते, आई विचारतेय, पोतं कधी आणताय.

तर ऐक. मी गटाच्या खोलीवर गेले होते. धनश्रीने पोतं सहादेव टेम्पोवाल्याला पुसायला म्हणून देऊन टाकलं होतं. मग त्याच्याकडे गेले. त्याने सीटखालून उरलेला एकच तुकडा ओढून काढला, ऑईलने काळा झालेला, आणि पुढे केला.

मी घेतला नाही.