शेजारणीची डोरिस

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, आणि चहाचा कप जरा लांब धरा. हे सांगत असताना माझे दोन शर्ट खराब झालेत. ऐकणाऱ्याच्या तोंडातला चहा थेट माझ्या अंगावर!

तुमच्याही हातून परदेशात घोळ झाले असतील. कुणी चुकीच्या बसमध्ये बसतं, कुणी साहेबाला नको ते बोलून जातं. ते सगळे माफ. मी जे केलं, त्याला माफी मागायची तरी कोणत्या शब्दांत, हे मला अजून सुचलेलं नाही.

तर झालं काय, पामर्स्टन नॉर्थमध्ये आम्ही नव्या घरात राहायला येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. आम्ही म्हणजे मी, माझी बायको मंजिरी आणि आमची दहा वर्षांची ईरा. मी युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सांभाळतो. शेजारी ग्लेनिसबाई. सत्तरी ओलांडलेल्या, एकट्या राहणाऱ्या, पायात कायम गमबूट. बाई म्हणजे सोनं! कुंपणापलीकडून कधी लिंबं यायची, कधी पिशवीभर फिजोआची हिरवी फळं, कधी कापडात गुंडाळलेला गरमागरम पाव. शनिवारी दुपारी त्या व्हरांड्यात बसून युकुलेली वाजवायच्या आणि मी इकडे कपडे वाळत घालता घालता बादलीवर ठेका धरायचो. म्हटलं, सुख सुख म्हणतात ते आणखी काय असतं?

एकच दुःख होतं. पीठ.

हसू नका! ज्यांनी थंड गावात इडलीचं पीठ आंबवायचा प्रयत्न केलाय त्यांनाच कळेल. आमच्या गावात वारा असा की कपडे वाळतात, पण माणूसही वाळतो. पीठ काही केल्या फुगत नाही. मी काय काय नाही केलं! गरम पाण्याच्या टाकीचं कपाट असतं ना इथल्या घरात, त्यात पातेलं ठेवलं. ओव्हनमधला दिवा लावून आत ठेवलं. मंजिरीची चांगली शाल गुंडाळली. सकाळी झाकण काढावं तर पीठ जसंच्या तसं, वर शालीला डाग. मित्रांमध्ये मी घरगुती युक्त्यांचा बादशहा, कुकरची शिट्टी ते तुंबलेलं सिंक, सगळ्यावर माझ्याकडे उपाय. आणि हे एक पीठ माझं नाक कापत होतं.

अशात एका सकाळी ग्लेनिसबाईंनी कुंपणावरून हाक मारली. त्या दहा दिवस नेल्सनला लेकीकडे निघाल्या होत्या. गाडीत सामान भरता भरता त्यांनी माझ्या हातात घराची किल्ली ठेवली आणि बोलायला लागल्या. नेमकं त्याच वेळी समोरच्या वेननं, म्हणजे समोरच्या घरातल्या निवृत्त प्लंबरनं, झुडपं कापायचं मशीन सुरू केलं. घर्रर्र! माझ्या कानात जे पडलं ते एवढंच:

“डोरिसला रोज खायला घाल… किचनमध्येच असते… निळ्या डब्यात… उपाशी राहिली की मलूल होते बिचारी!”

मी काय म्हणालो असेन? “स्वीट ॲज!” म्हणजे ‘एकदम मस्त’. इथे हे म्हटलं की कुणी पुढे काही विचारत नाही. त्यांनीही विचारलं नाही. गाडी गेली.

संध्याकाळी मी किल्ली फिरवून त्यांच्या किचनमध्ये गेलो आणि समोर ओट्यावर डोरिस! जाडजूड, केशरी रंगाची, पट्ट्यापट्ट्यांची मांजर. मागच्या दाराला मांजरांसाठी असते तशी झडप होती, तिथून तिची ये-जा. मी इथल्या पद्धतीनं नमस्कार घातला, “किया ओरा, डोरिस!” तिनं जांभई दिली.

मग मी निळा डबा उघडला, आणि हबकलोच. डब्यात मैदा!

पुन्हा झाकण लावून पुन्हा उघडलं. मैदाच. आता मला सांगा, मांजरीला कुणी मैदा घालतं? मला इतकं वाईट वाटलं! एवढी प्रेमळ बाई, दुनियेला पाव वाटते, आणि घरच्या मुक्या जिवाला कोरडा मैदा? घरी येऊन मी मंजिरीला म्हणालो, “माणसं आतून वेगळीच असतात गं.”

ईरा वहीतून डोकं वर न काढता म्हणाली, “बाबा, आय डोन्ट थिंक शी हॅज अ कॅट.”

“तू अभ्यास कर,” मी म्हणालो.

दुसऱ्या दिवसापासून मी डोरिसची सेवा सुरू केली. आधी ट्यूना. मग उकडलेलं चिकन. मग तिला साय आवडते हे लक्षात आलं. चार दिवसांत डोरिसबाईंची तब्येत अशी सुधारली की झडपेतून आत येताना तिला श्वास आत ओढून घ्यावा लागायचा.

ग्लेनिसबाईंचा मेसेज आला, “डोरिस कशी आहे?”

मी अभिमानानं लिहिलं, “मजेत! जवळजवळ दुप्पट झाली आहे.”

“वा, गुणाची माझी! बबली आहे ना?”

“एकदम बबली. दुपारभर खिडकीत उन्हात असते.”

“जास्त ऊन नको. तिचं बिनसतं. वर चढून बाहेर तर नाही ना येत?”

“काल फ्रिजवर चढली होती.”

“फ्रिजवर!! हाहाहा! झाकण सैल ठेवलंयस ना?”

झाकण म्हणजे दाराची ती झडप असणार. मी लिहिलं, “सैलच आहे. रात्री जाते, सकाळी येते.”

त्यावर त्यांनी हसून हसून रडणारी सात तोंडं पाठवली. मला वाटलं, किती जीव आहे हो हिचा मांजरीवर! मग मैदा का घालते?

आता मुख्य गोष्ट. त्याच ओट्यावर, भिंतीशी, एक मोठी काचेची बरणी होती. तोंडाला फडकं, वर रबर. पहिल्याच दिवशी मी ते फडकं उचललं होतं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. आत पीठ होतं. आंबलेलं! जाळीच जाळी, बुडबुड्यांनी गच्च, काठापर्यंत वर आलेलं, आणि तो वास… तो आंबूस, गोडसर वास! याच गावात, याच थंडीत, कपाट नाही, शाल नाही, आणि ग्लेनिसबाईंचं पीठ असं टम्म फुगलेलं! मी फडकं लावून ठेवलं. आपण बरे, आपलं काम बरं.

पण शुक्रवारी बघतो तर पीठ खाली बसलेलं. वर करडं पाणी सुटलेलं.  म्हातारी घाईत पीठ फ्रिजमध्ये ठेवायला विसरून गेली! अजून दोन दिवसांत बुरशी येणार आणि सगळं कचऱ्यात. आता असं अन्न वाया जाताना बघत बसणं आपल्या रक्तात आहे का? तुमच्या तरी आहे का?

शनिवारी आमच्याकडे दोन मित्र सहकुटुंब यायचे होते. मी बरणी उचलून घरी आणली. पिठात तांदळाची पिठी घातली, थोडं बेसन, हिरवी मिरची, कोथिंबीर, जिरं, बारीक चिरलेला कांदा. तवा तापवला आणि पहिलं धिरडं टाकलं.

अहो, काय सांगू! डाव फिरवला तशी जाळी पडत गेली. कडा कुरकुरीत, मधे लुसलुशीत. मंजिरी पहिला घास खाऊन माझ्याकडे बघतच राहिली. लग्नात बघितलं नव्हतं तसं. एक मित्र म्हणाला, “मिलिंद, अरे जमलं की तुला पीठ!” आणि मी, निर्लज्ज माणूस, म्हणालो, “हाताला चव लागते रे.” त्यांनी मिळून वीस खाल्ली. मी एकट्यानं नऊ. डाव, पातेलं, सगळं निपटून काढलं.

वर उपकार म्हणून बरणी खाण्याचा सोडा आणि व्हिनेगर घालून घासली, उकळत्या पाण्यानं विसळली, कडक उन्हात वाळवली आणि लखलखीत करून ग्लेनिसबाईंच्या ओट्यावर ठेवली. म्हटलं, बघून खूष होतील.

त्या रविवारी दुपारी आल्या. किल्ली द्यायला मी स्वतः गेलो, काखेत डोरिस. दार उघडलं तशा ग्लेनिसबाई तीनदा शिंकल्या.

“नाइजेलला का आणलंस?” त्यांनी नाकाला रुमाल लावत विचारलं.

“नाइजेल कोण?”

“तुझ्या काखेत आहे तो. चार नंबरवाल्यांचा बोका. मला मांजराची ॲलर्जी आहे, मिलिंद. आधीच्या घरमालकांनी ती झडप बसवली आणि हा मेला रोज आत घुसतो.”

मी काखेतल्या डोरिसकडे बघितलं. खरोखरच बोका होता तो. दहा दिवसांत मी एवढंही बघितलं नव्हतं!

“मग… डोरिस?” माझा आवाज कुठून आला कोण जाणे.

“किचनमध्ये. चल, बघू दे माझी दुप्पट झालेली पोरगी!” असं म्हणत त्या आत गेल्या. मी मागोमाग. त्या ओट्यासमोर थांबल्या. उन्हात बरणी चमकत होती. आरपार दिसत होतं.

“मिलिंद,” त्या हळूच म्हणाल्या, “हिच्यात जे होतं ते कुठाय?”

नाइजेलनं माझ्या हातातून उडी मारली. शहाणा होता.

“ते… आम्ही खाल्लं.”

“काय?”

“कांदा-मिरची घालून.”

ग्लेनिसबाई खुर्चीवर बसल्या. मी उभाच. मग त्यांनी सांगितलं. डोरिस म्हणजे ते पीठच. पाव फुगवायचं विरजण! बरणीतून वाटीभर काढायचं, पाव करायचा, आणि उरलेल्याला रोज निळ्या डब्यातला मैदा आणि पाणी घालून जिवंत ठेवायचं. त्यांच्या आईनं लग्नानंतर लावलं होतं ते. आईच्या हातून लेकीच्या हातात, तेव्हापासून एकदाही मेलं नव्हतं. आई गेली, तशी त्यांनी बरणीला आईचं नाव ठेवलं. डोरिस!

म्हणजे आलं का लक्षात? आईची तेवढी एक जिवंत गोष्ट त्या बाईकडे होती, आणि ती मी नारळाच्या चटणीबरोबर खाल्ली होती. नऊ वेळा!

मी धावत घरी गेलो. तवा घासलेला. पातेलं घासलेलं. डाव घासलेला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्या घरात सगळी भांडी वेळेवर घासलेली होती! मंजिरीला सगळं सांगितलं, तर ती तोंडावर हात धरून एवढंच म्हणाली, “तू त्यांची आई खाल्लीस?”

परत गेलो तर ग्लेनिसबाई तशाच बसलेल्या. डोळे ओले. मी म्हणालो, “मी काय करू सांगा. काहीही करतो.”

त्यांनी रिकामी बरणी हातात घेतली. मग म्हणाल्या, “चव कशी होती?”

खोटं बोलायची हिंमत राहिली नव्हती. म्हणालो, “इतकं चांगलं मी आजवर काही केलेलं नाही.”

त्यांनी नाक पुसलं. म्हणाल्या, “टिमारूला, पलीकडच्या बेटावर, माझी बहीण आहे, मार्जरी. आईनं तिलाही यातलं दिलं होतं. पण दोन वर्षं आम्ही बोलत नाही. आईच्या ॲपल पाय भाजायच्या भांड्यावरून.” त्या फोनकडे बघत राहिल्या. मीही फोनकडे बघत राहिलो. शेवटी त्यांनी नंबर लावला.

“मार्ज? मी ग्लेनिस. हो, मीच. ऐक. माझ्या शेजाऱ्यानं आईला खाल्लं.”

 मग फोनमधून असा आवाज आला की मला वाटलं बाई कोसळल्या. नाही हो, हसत होत्या! इकडे ग्लेनिसबाईंचे खांदे हलायला लागले. दोघी दोन बेटांवर बसून रडत, हसत, पुन्हा रडत. “कांदा घालून!” “चटणी पण होती!” “आईला कांदा अजिबात चालायचा नाही!” मी आपला ओट्याला टेकून उभा. मला कुणी बस म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. पाऊण तास!

आठवड्यानं टिमारूहून पाकीट आलं. आत वाळवलेल्या पिठाचे पापुद्रे. ग्लेनिसबाईंनी कोमट पाणी घातलं, मैदा घातला, आणि तिसऱ्या दिवशी बुडबुडे आले. मी कुंपणावरून टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी मला बोलावून बरणी दाखवली. नवी चिठ्ठी चिकटवलेली होती. त्यावर नाव: मिलिंद!

मला भरून आलं. म्हटलं, “अहो, माझं नाव कशाला?”

“आईचं नाव पुन्हा धोक्यात घालणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि हा पण समोर येईल ते खातो.”

मागच्या महिन्यात ग्लेनिसबाई टिमारूला निघाल्या, बहिणीकडे राहायला. किल्ली या वेळी समोरच्या वेनकडे गेली. साहजिक आहे. संध्याकाळी वेन हसत हसत माझ्याकडे आला आणि त्यांनी लिहून दिलेला कागद त्यानं माझ्यासमोर धरला. दोनच ओळी होत्या.

“मिलिंदला रोज खायला घाल.

मिलिंदला घरात घेऊ नकोस.”