बेलमिरो कसायाचं रक्त

बेलमिरो हा त्याच्या आईबापाचा सातवा मुलगा. आधीचे सहाही मुलगेच. आमच्या पेद्रा मान्सा गावात आणि आसपासच्या साऱ्या कोरड्या मुलखात असा रिवाज आहे की सातव्या मुलाच्या बाप्तिस्म्याला थोरल्या भावानेच त्याला हातात धरायचं आणि त्याचा धर्मपिता व्हायचं. तसं झालं नाही, तर तो मुलगा मोठेपणी दर शुक्रवारी नरलांडगा होतो. थोरला ज्युवेनाल त्या दिवशी धुतलेला सदरा घालून चर्चमध्ये तयार उभा होता. पण बापाला जमीनदार कर्नलची मेहेरबानी हवी होती. त्याने ऐनवेळी पोर कर्नलच्या हातात दिलं. ज्युवेनाल तडक घरी निघून गेला आणि धाकट्या भावाशी पुढे फारसं बोललाच नाही. याच गोष्टीवरून बेलमिरोचा जीव जायची वेळ आली, म्हणून ती आधी सांगितली.

तो गावचा कसाई झाला. बैलाच्या कपाळावर कुऱ्हाडीचा मागचा भाग एकदाच मारायचा. दुसऱ्या घावाची गरज पडत नसे. गळ्यातून उडणारं रक्त तो घमेल्यात धरायचा आणि त्याची बायको दाल्वा त्यात मीठ टाकून ते ढवळत बसायची. मी समोरच्या कापूस गिरणीत हिशेबनीस होतो, त्यामुळे वर्षानुवर्षं हे रोज दिसायचं. माणूस मात्र हसरा. गोल पोट, लाल गाल. नरलांडगा म्हणजे पिवळा पडलेला, हडकलेला माणूस असतो असं सगळे समजतात, त्यामुळे बेलमिरोची चेष्टा करायला कोणाला भीती वाटत नसे.

"ए बेलमिरो, आज शुक्रवार ना रे! शेपूट कुठं ठेवलंस?"

"बायकोने धुऊन वाळत घातलंय."

"केस तेवढे गळतात याचे घरभर," दाल्वा आतून ओरडायची. "बाकी काही वाढत नाही, विचारा हवं तर!"

नगरपालिकेने चौकात खांबावर लोखंडी पेटीत टीव्ही बसवला आणि ही चेष्टा दुप्पट झाली. त्या वर्षी संध्याकाळच्या जेवणानंतर एक मालिका लागायची. तीही अशाच एका गावाची. तिथला औषधाचा दुकानदार शुक्रवारी लांडगा व्हायचा, पण तोंडातली कवळी माणसाचीच राहायची, आणि कोणाला चावायला गेला की ती खाली पडायची. सगळा चौक हसून लोळायचा. त्याच गावाच्या विहिरीत तीन प्रेतं होती. ती कोणी टाकली हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी बोलत नव्हतं. तो भाग आला की चौक गप्प व्हायचा. लांडगा दिसला की लोक बेलमिरोला पुढे ढकलायचे आणि तो मान वर करून असा काही केकाटायचा की गावातली कुत्री त्याला उत्तर द्यायची. त्याला ते आवडायचं.

मग शेळ्या मरायला लागल्या. गळे फाटलेल्या, पोट उघडं. दुष्काळाचं वर्ष होतं, रानकुत्री गावात येत होती. पण कुत्र्यांबद्दल बोलण्यात काय मजा? आणि जून महिन्यात, संत जॉनच्या सणाच्या होळ्यांची लाकडं रचलेली असताना, गिरणीमागच्या कोरड्या नदीत इव्होने सापडली.

ही जासिरा शिंपिणीची एकुलती एक मुलगी, एकोणीस वर्षांची. कर्नल वारल्यावर घर आणि जमीन त्याचा मुलगा ओस्मार पाहत होता, त्याच्याकडे ती इस्त्रीचं काम करायची. मी तिला पाहिलं. जबडा मोडला होता. गळा ज्या हत्याराने कापला ते बोथट असावं, कारण कातडी कापलेली नव्हती, ओढून फाडलेली होती. एक डोळा उघडा होता आणि त्यात वाळू होती. ओस्मारच गडी घेऊन सगळ्यांत आधी तिथे पोहोचला होता. राजधानीत वकिली शिकलेला माणूस, नेहमी पांढरा लिननचा सूट. त्याने काठीने वाळूतले ठसे दाखवले.

"हे कुत्र्याचे पंजे नाहीत," तो म्हणाला. "एवढा मोठा कुत्रा असतो का? तुम्ही रोज टीव्हीवर बघता आणि हसता. आता आपल्या गावात कोण सातवा आहे ते तुमचं तुम्ही बघा."

त्या दिवसानंतर बेलमिरोकडचं मांस खपेना. जे लोक कालपर्यंत म्हणत होते की असा गुबगुबीत नरलांडगा कुठे असतो, तेच म्हणू लागले, "एवढा जाडा झाला कसा? काय खातो हा?"

त्याच आठवड्यात मालिकेतल्या गावकऱ्यांनी लांडग्याला चर्चमध्ये कोंडलं आणि लांबूनच दाताळं खुपसलं. रक्त आलं तसा लांडग्याचा नागडा दुकानदार झाला आणि बायका किंचाळत पळाल्या. पाद्र्याचा पाय मात्र त्या रक्तात पडला, आणि त्याला लांडग्याचे कान फुटले. यात टीव्हीवाल्यांनी नवीन काही काढलं नव्हतं. आमच्याकडे लहान पोरालाही हे ठाऊक असतं: नरलांडग्याचं रक्त सांडलं की तो सुटतो, आणि ते रक्त ज्याच्या अंगाला लागेल तो पुढचा नरलांडगा. त्या संध्याकाळी चौकात कोणी हसलं नाही.

शनिवारी बाजार भरला होता. सकाळी दहाच्या सुमाराला वीस-पंचवीस माणसं बेलमिरोच्या दुकानात शिरली आणि त्याला पायाला धरून बाहेर ओढलं. बैलगाडीच्या खुंट्यांनी मारलं. रक्त येऊ नये म्हणून पाठीवर आणि मांड्यांवर मारत होते, इतकी काळजी घेऊन. एकाने टाच देऊन त्याची दोन बोटं चिरडली. मी मध्ये पडलो तर कोणाचं तरी कोपर तोंडावर बसलं आणि दात तुटला. पोलिसांचा सार्जंट त्या दिवशी शेजारच्या गावी होता.

"जाळा! होळीवरच टाका त्याला!"

तेवढ्यात दाल्वा सत्तूर घेऊन नवऱ्याच्या पुढ्यात उभी राहिली. "या की पुढे! कोण येतो? तू येतोस रे, लंगड्या? तुझ्या लग्नातलं सगळं मटण यानेच कापून दिलं, तेव्हा गोड लागलं?" मग आवाज खाली आणून म्हणाली, "तुम्हाला तो लांडगाच वाटतो ना? मग रीतीने करा. रक्त काढा आणि सोडा. जीव घ्यायला कोणत्या रीतीत सांगितलंय?"

लोक एकमेकांकडे पाहू लागले. म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. रक्त निघालं आणि तो सुटला, तर मारायचं कारण उरत नव्हतं. जमिनीवरून बेलमिरो म्हणाला, "काढा बाबांनो. पण डाव्या खांद्यातून काढा. उजव्याने मला काम करायचंय."

कोणीतरी हसलं. निवडुंगाची फळं पाडायची लांब काठी आणली, तिच्या टोकाला दुकानातलाच सुरा बांधला. पण काठी धरणार कोण? प्रत्येक जण दुसऱ्याला पुढे करत होता. "तू धर, तुझा हात लांब आहे." "माझ्या घरी लहान पोरं आहेत रे." शेवटी गर्दीतून ज्युवेनाल पुढे आला. डोक्याचे केस पांढरे झाले होते.

"द्या इकडे," तो म्हणाला. "थोरला मी आहे. तेव्हाही हे माझंच काम होतं."

"दादा, हळू," बेलमिरो म्हणाला.

"गप पड. हलू नकोस."

पण जोर जास्त लागला म्हणा, सुरा धारेचा होता म्हणा, पातं खोल गेलं. रक्ताची चिळकांडी उडाली आणि अख्खा बाजार मागे धावला. पिठाच्या गोणींवर माणसं पडली, एक कोंबड्यांची टोपली फुटली, एक धट्टाकट्टा गुराखी दुसऱ्याच्या खांद्यावर चढून बसला. मग हळूहळू सगळे थांबले. कोणी म्हणालं, "सुटला बिचारा." कोणी छातीवर क्रूस काढला. दाल्वाने जखमेवर फडकं दाबलं; बाईमाणूस नरलांडगा होत नाही म्हणतात.

जासिरा मागे हटली नव्हती. काळे कपडे घातलेली ती बाई तिथेच उभी होती.

"आता माणूस झालास ना?" ती म्हणाली. "मग सांग. माझ्या पोरीला का मारलंस?"

"काकू, मी नाही मारलं," बेलमिरो म्हणाला. त्याला धाप लागली होती. "मी तिला बाजूला काढून काळीज द्यायचो. अंगात रक्त नव्हतं पोरीच्या. दोन जिवांची होती ती. मला म्हणाली होती, ज्याचं आहे तो म्हणतोय की..."

"कोण?" जासिराने विचारलं.

बेलमिरोने गर्दीच्या कडेला उभ्या असलेल्या ओस्मारकडे पाहिलं. त्याच्या धर्मपित्याचा मुलगा होता तो. इतके दिवस तो गप्प बसला, त्याचं कारणही तेच.

ओस्मार दोन ढांगांत पुढे आला. दाल्वाला लाथेने बाजूला उडवलं, काठी पायाखाली धरून सुरा ओढून घेतला आणि बेलमिरोचे केस मुठीत धरून मान मागे वाकवली. बेलमिरोने हनुवटी छातीकडे ओढली म्हणून पातं गळ्याऐवजी गालावरून कानापर्यंत गेलं. दुसरा वार करायला ओस्मारने हात उचलला तेव्हा ज्युवेनालने काठी फिरवली. ती ओस्मारच्या मनगटावर बसली. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. सुरा खाली पडला.

ओस्मारचा पांढरा सूट गळ्यापासून गुडघ्यापर्यंत लाल झाला होता.

"मालक, रक्त!" गुराखी ओरडला. "रक्त लागलं तुम्हाला! पुसा, पुसा!"

"काय पुसू, गाढवांनो?" मनगट पोटाशी धरून ओस्मार किंचाळला. "नरलांडगा असतो का कुठे? पोरांच्या गोष्टी आहेत या!"



"मग वाळूत पंजे कसले दाखवलेत मालक?" जासिरा म्हणाली.

तिने खाली वाकून चुलीचा दगड उचलला. तिचा नेम चांगला नव्हता, दगड त्याच्या गुडघ्याला लागला. पण तो उंदरासारखा चिरकला आणि पळायला वळला, तेव्हा गर्दीतून कोणीतरी ओरडलं, "आता हा झाला! याच्या अंगात गेला तो!" किती लोकांना जासिराचं म्हणणं कळलं होतं आणि किती जण केवळ रक्ताला घाबरले, हे मला आजही सांगता येणार नाही. दगड मात्र सगळ्यांनी मारले. त्याच्या जवळ कोणी जाईना, म्हणून दुरूनच. वजनाची मापं, चुलीचे दगड, पाट्यावरचे वरवंटे. एक वरवंटा त्याच्या तोंडावर बसला आणि खालचा जबडा बाजूला लोंबू लागला. तो पडला, उठला, पुन्हा पडला. मग रांगत तो बेलमिरोकडे आला, कारण त्या बाजूला दाल्वा होती, ज्युवेनाल होता, तिकडे दगड येत नव्हते. त्याने बेलमिरोच्या घोट्याला मिठी मारली. काहीतरी बोलला.

दगड थांबले. माणसं वाट पाहत होती.

बेलमिरोने त्याच्याकडे बघितलं. मग पाय आखडून घेतला आणि दुसऱ्या पायाच्या टाचेने त्याला दूर लोटलं. दगड पुन्हा सुरू झाले. सार्जंट आला तोवर ओस्मारच्या अंगावर धड कातडीसुद्धा उरली नव्हती. त्याला तसंच पोत्यात घातलं. पोत्याला हात लावायला कोणी तयार होईना, म्हणून ते ज्युवेनालने उचललं. कोणावर खटला झाला नाही. सारं गाव म्हणालं, आम्ही लांडगा मारला.

बेलमिरो वाचला. डावा हात कायमचा अधू झाला आणि तोंड एका बाजूला ओढलं गेलं. एका हाताने बैल पाडता येत नाही, तेव्हा कुऱ्हाड ज्युवेनालने घेतली आणि बेलमिरो बसून आतडी धुऊ लागला. दोघं भाऊ दिवसभर एकमेकांवर खेकसायचे, ते ऐकायला बरं वाटायचं. त्याला कोणी लांडगा म्हटलं नाही पुन्हा.

कर्नलची बायको, म्हणजे ओस्मारची आई, ही बेलमिरोची धर्ममाता. मोठ्या घरात एकटीच राहायची. दरवर्षी ईस्टरच्या आदल्या दिवशी धर्मपुत्राने जाऊन आशीर्वाद घ्यायचा असतो. बेलमिरो पुढच्याच वर्षी गेला. दाल्वा म्हणाली, "वेड लागलंय का?" तरी गेला. म्हातारीने त्याच्याकडे न बघता हात पुढे केला, त्याने तो ओठांना लावला आणि परत आला. असं बरीच वर्षं चाललं.

तिच्या शेवटच्या वर्षी ती अंथरुणाला खिळली होती, म्हणून त्याला आधार द्यायला मी सोबत गेलो होतो. या वेळी तिने हात सोडला नाही.

"तो तुझ्यापर्यंत आला होता म्हणतात," ती म्हणाली. "काही बोलला का रे?"

"नाही, आई," बेलमिरो म्हणाला. "जबडा मोडला होता. बोलता येत नव्हतं त्याला."

तिने मान हलवली आणि हात सोडला. फाटकाबाहेर आल्यावर तो भिंतीला टेकला.

"ओस्मार मला ‘भाऊ’ म्हणाला," तो म्हणाला. "अगदी स्पष्ट."

मग आम्ही घराकडे निघालो.