पहिलं कोणी जायचं

माझे यजमान या उन्हाळ्यात गेले. भेटायला येणारे म्हणतात, "साहेबांमुळे हैदराबाद केवढं वाढलं!" मला चीड येते. त्यांना हैदराबाद वाढवायचंच नव्हतं.

ते उद्योग खात्यात होते. नव्वद सालानंतर परदेशी कंपन्यांची माणसं जागा बघायला येऊ लागली, त्यांना फिरवण्याचं काम यांच्याकडे आलं. यांच्या मनात एकच होतं, एक तरी कारखाना आपल्या कोरडवाहू गावाजवळ यावा. म्हणून प्रत्येकाला आधी तिकडे न्यायचे. जमीन होती, रेल्वे होती, नदी होती. गावकरी हार घेऊन उभे राहत. मुलगी बघायला आल्यासारखे पाहुणे सगळं बघत, गोड बोलत, आणि होकार हैदराबादलगतच्या जागेला देत.

असाच एक मोठा अधिकारी हैदराबादेत हिमायतनगरला आमच्या घरी जेवायला आला. मुलांची शाळा, इस्पितळ, विमानतळ किती लांब, सगळं त्याने मला विचारलं. गावाबद्दल चकार शब्द नाही. शेवटी मीच विचारलं, "जागा आवडली का?"

"फार सुंदर. पण आमच्यासारखी दुसरी एखादी कंपनी आहे का तिथे?"

"नाही, तुम्हीच पहिले!" हे उत्साहाने म्हणाले.

तो हसला. "पहिलं जाणं आमच्या वरिष्ठांना आवडत नाही."

तो गेल्यावर मी वैतागले. "एवढी नदी दाखवलीत, आणि त्याने विचारलं काय, तर शेजारी कोण!"

"हौ, पण कोणीतरी पहिलं जाईलच ना?" म्हणत ते पुढच्या पाहुण्यांसाठी गाडी सांगायला फोनकडे वळले. त्यांची ही चिकाटीच मला सोसवत नसे. निवृत्त होईपर्यंत हेच चाललं. पहिलं कोणी गेलं नाही.

परवा गावाकडे शेती करणारे माझे धाकटे दीर आले. बरोबर त्यांचा शेवटचा मुलगा. "वहिनी, यालाही इथल्याच कंपनीत नोकरी लागलीय. राहू दे तुमच्याकडे."

त्यांचे थोरले दोघे आधीच आमच्या हॉलमध्ये पसरलेले. मी म्हटलं, "भावजी, आता सगळं गावच आणा."

"दादाचा कारखाना झाला असता, तर एकालाही आणलं नसतं, वहिनी."

यजमानांची खोली तेवढी रिकामी होती. त्यांची पुस्तकं पलंगावरून उचलून मी खाली भिंतीशी रचली, आणि मुलाला म्हटलं, "बॅग आत ठेव."