काशिनाथच्या व्हॅनमधली पुढची सीट

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, सख्ख्या बहिणीलाही नाही. तिला तर मी शेजारणीच्या भांडणाचा शब्दन् शब्द सांगते, पण हे नाही. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुमच्यापाशी जमेल असं वाटतंय. बघू.

आम्ही साताऱ्याकडचे. वडील वाशीच्या बाजारात माथाडी, आणि आमची भाड्याची खोली नेरूळला लागून शिरवणे गावात. नव्वदनंतरची गोष्ट. मी तळोज्याला एका औषधाच्या कंपनीत पॅकिंगला जायचे. आम्ही सात-आठ बायका होतो, आणि आम्हाला नेणारी-आणणारी व्हॅन काशिनाथची. काशिनाथ शिरवण्याचाच. जमीन गेली, मग नोकरीही सुटली, तेव्हा त्याने ही जुनी पेट्रोलवरची व्हॅन घेतली होती.

तसल्या व्हॅनचं इंजिन पुढच्या सीटांच्या खाली असतं. सीट उचलली की खाली इंजिन. पुढे बसणाऱ्याच्या मांड्या भाजून निघतात, म्हणून पुढे बसायला कुणी राजी नसायचं. मी बसायचे. का? तेच सांगायचंय.

एकदा बेलापूर सोडल्यावर मी सहज म्हणाले, "पेट्रोलचा वास येतोय." काशिनाथने तिथल्या तिथे गाडी बाजूला घेतली, बंद केली, सगळ्यांना खाली उतरवलं आणि सीट उचलली. पेट्रोलची रबरी नळी उष्णतेने तडकली होती. थेंब थेंब करत पेट्रोल गरम इंजिनावर पडत होतं. त्याचा चेहरा पांढराफटक. संध्याकाळी बाकीच्या उतरून गेल्यावर त्याने मला खरं सांगितलं — त्याला वासच येत नव्हता. आधीच्या केमिकल कंपनीत कसलीशी वाफ नाकात गेली, तेव्हापासून नाही. आईने घरात सुके बोंबील भाजले तरी त्याला पत्ता नसायचा.

"कुनाला सांगू नको गो," तो म्हणाला. "बायका गाडीन बसनार नाय."

मी सांगितलं नाही. पोटात ठेवायला मी पहिल्यापासून पटाईत.

तेव्हापासून पुढची सीट माझी. रोज सकाळी तो गाडी चालू करायचा, जरा वेळ तशीच धडधडू द्यायचा आणि माझ्याकडे वळून विचारायचा, "वास येतंय का गो?" मी नाक वर करायचे, दोनदा हुंगायचे आणि म्हणायचे, "नाही." मगच गाडी हलायची. बाकीचं सगळं तो स्वतः बघायचा. नळीचे क्लिप घट्ट आहेत ना, बॅटरीच्या वायरी कुठे सोलवटल्या नाहीत ना, ऑइलची चिंधी इंजिनापाशी राहिली नाही ना. मागच्या सीटखाली वाळूची पिशवी असायची. पेट्रोलच्या आगीवर पाणी ओतायचं नाही, वाळू टाकायची, हे मला त्यानेच शिकवलं. फक्त वासाचं काम तेवढं माझ्यावर होतं.

सीट तापते म्हणून तो माझ्यासाठी टॉवेलची चौपदरी घडी घालून ठेवायचा. मागून कमळमावशी, आमच्यातली सगळ्यात मोठी, म्हणायची, "आमच्याखाली नाही गं कुणी टॉवेल घालत." सगळ्या हसायच्या. मी खिडकीबाहेर बघायचे. तेव्हा खारघर म्हणजे डोंगर आणि भातशेतं, बघायला पुष्कळ होतं.

त्याने मला कधी काही म्हटलं नाही. मीही नाही. काय म्हणणार? तो आगरी, आम्ही घाटावरचे, आणि माझ्या वडिलांचा राग अख्ख्या बाजाराला ठाऊक. पण एक माणूस रोज सकाळी आपल्याला विचारल्याशिवाय जागचा हलत नाही — हे कधी तुमच्या वाट्याला आलंय? माझ्या वाट्याला पुन्हा आलं नाही.

मग माझं लग्न ठरलं. कराडचं स्थळ. येत्या शनिवारी कंपनी सोडायची होती, म्हणजे हाताशी एक आठवडा. सोमवारी सकाळी गाडी चालू झाली आणि — इथे आले की मी नेहमी थांबते. मनातल्या मनात सांगतानासुद्धा थांबते.

वास आला. पुसट होता, पण आला.

मागच्या खेपेला नळी बदलायला गाडी कळंबोलीच्या गॅरेजात टाकली होती. मेकॅनिक आज देतो, उद्या देतो करत राहिला, आणि तेवढे दिवस आम्ही दुसऱ्याच्या टेम्पोत कोंबून गेलो. म्हणजे आता "हो" म्हटलं की माझा आठवडा त्या टेम्पोत जाणार. काशिनाथ माझ्याकडे वळला होता. विचारत होता.

मी म्हणाले, "नाही."

एकदाच म्हणाले असते तर? पण नाही. मंगळवारी म्हणाले. बुधवारी म्हणाले. वास वाढत चालला होता. कमळमावशीने मागून विचारलं, "कसला गं वास?" मी म्हणाले, "केमिकलचा, नेहमीचाच." त्या पट्ट्यात कायम कसला ना कसला वास असायचाच, तिला पटलं. मी ठरवलं होतं — शनिवारी उतरताना त्याला सांगायचं, नळी बघून घे. इतकं सोपं वाटत होतं सगळं.

शुक्रवारी खारघरच्या पुढे माझ्या सीटखालून धूर आला.

त्याने गाडी थांबवली, चावी काढली. मी पहिली उतरले, दार हाताशीच होतं. मागचं सरकतं दार अडकलं. तो तापलेला पत्रा ओढत राहिला. वाळूची पिशवी आत, बायकांच्या पायांत. दार कसंबसं सरकलं, एकेक करून सगळ्या बाहेर पडल्या. शेवटी कमळमावशी आली, साडी पेटलेली. तो जाळ त्याने नुसत्या तळहातांनी विझवला. मी रस्त्याच्या कडेला उभी होते. मला ओरखडासुद्धा नव्हता.

मावशी वाचली, पाय मात्र जन्माचा अधू झाला. त्याला वास येत नाही हे त्याने स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं. मग लोक बोलायचे ते बोलले. नाक मेलेलं, आणि लोकांच्या लेकीबाळी भरून गाडी हाकतो. माझं नाव त्याने घेतलं नाही.

पनवेलच्या दवाखान्यात आईबरोबर त्याला बघायला गेले. दोन्ही हातांना कोपरापर्यंत बँडेज. आई पाणी आणायला बाहेर गेली, तेव्हा त्याने विचारलं, "तुला आलेला का गो वास?" रागाने नाही, अगदी हळू.

तेव्हा तरी सांगायला हवं होतं ना?

मी म्हणाले, "नाही."

तो उशीला टेकला. "मंग बरा," म्हणाला. "मना वाटला, तू सांगलास न मीच आयकला नाय."

त्याची बोटं पुन्हा स्टेअरिंगभोवती वळली नाहीत, असं आईकडून कळलं. मी तोवर कराडला आले होते. नवरा चांगला आहे, मुलं मार्गी लागली. आमच्याकडेही गाडी आहे, मी मागे बसते.

मावशीचा पाय मला आठवतो. त्याचे हात आठवतात. पण खरं सांगायला बसलेच आहे तर तेही सांगते — त्यांच्या आधी मला तो आठवडा आठवतो. सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार. ते दिवस मला अजून हवे असतात, जीव तुटतो त्यांच्यासाठी. उद्या तो सोमवार पुन्हा आला आणि काशिनाथने माझ्याकडे वळून विचारलं, तर मी खरं बोलेन — असं मला आजही छातीवर हात ठेवून म्हणता येत नाही.