बेळगुंदीचं चाडं

अण्णा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बागेत पाखरांवर चिडून उभा होतो. समोर लाकडी खांबावर दाण्यांनी भरलेली स्टीलची वाटी, कुंपणाच्या तारेवर चार-पाच चिमण्या, आणि एकही खाली उतरायला तयार नाही. फोनवर वहिनी होत्या. “भाऊजी, तुमचे अण्णा गेले,” एवढंच म्हणाल्या. सकाळी चहा पिऊन अंगणात टेकला तो परत उठलाच नाही... याला आता दीड महिना झाला. भेटेल तो म्हणतो, तुमचे बंधू देवमाणूस होते. मी मान हलवतो. देवमाणूस होता हे खरंच, पण देवाशी माणसं कशी वागतात तेही मला ठाऊक आहे.

अण्णा माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठा. बेळगुंदीचं शेत त्यानं केलं आणि मी शिकलो, बँकेत लागलो, बेळगावात घर बांधलं. आमच्या भागात घरोघरी हेच, त्यात नवल काही नाही. चार वर्षांपूर्वी शेत विकायचा हट्ट माझा. आजूबाजूला प्लॉट पडत होते. या वयात चिखलात कशाला राबतोस, असं मी त्याला म्हणालो, आणि हे आपण त्याच्या काळजीनं म्हणतोय असं तेव्हा मलाही वाटलं होतं. “तू म्हणतोस तर तसं,” अण्णा म्हणाला. कचेरीत मी जिथं जिथं बोट ठेवलं तिथं तिथं त्यानं सही केली. वहिनी बाहेर बाकड्यावर बसून होत्या. त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

मी रिटायर झालो आणि बागेचं वेड लागलं. शेजाऱ्यांच्या मोबाईलवर पाखरांना दाणे ठेवायच्या लाकडी घराचा फोटो पाहिला तसा अण्णाला फोन केला. शेतीची अवजारं तो घरच्या घरी दुरुस्त करायचा, हात सुताराचा. गेल्या वर्षी पावसाळ्याच्या तोंडावर तो पोत्यात लाकडं बांधून बसनं आला. तीन दिवस राहिला. करवत, पटाशी, वाकस सगळं घरचं. फोटो मी दाखवला, त्यानं पाहिलाही, पण केलं स्वतःच्या मनासारखंच. बाभळीचा खांब, वर उतरतं छप्पर, मधे दाण्यांसाठी एक जुनं, काळं पडलेलं लाकडी भांडं. तळाला चार भोकं होती. तीन खुंट्या मारून बुजवली, एक पाणी निथळायला ठेवलं. “पाखरांचा मांडव झाला,” म्हणाला. मग त्या भांड्यावर हात ठेवून माझ्याकडं बघत राहिला.

“काय हाय, वळखलास का रं?”

“जुन्या बाजारातलं दिसतंय,” मी म्हणालो. “जरा नवीन बघायचं होतंस.”

“व्हय,” अण्णा म्हणाला, “जुनंच हाय.” आणि हत्यारं पोत्यात भरायला लागला.

पाखरं मात्र येत. पहिल्याच आठवड्यात चिमण्या, मग बुलबुल. पण बंगल्यासमोर ते काळं भांडं मला खुपायचं. पावसात त्याला बुरशी धरली, तेवढं निमित्त मला पुरलं. मी ते उपसून काढलं आणि तिथं स्टीलची चकचकीत वाटी स्क्रूनं बसवली. घरात सोलर असला तरी दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला आमच्याकडं अजून बंब पेटवतात. त्या पहाटे सरपण कमी पडलं, म्हणून ते भांडं मी बंबात घातलं. जुनं लाकूड, ढणाढणा पेटलं. त्या पाण्यानं मी अभ्यंगस्नान केलं, उटणं लावून.

दिवाळीनंतर अण्णा आला. आमची तीच शेवटची भेट. चहाआधी बागेत गेला. वाटी पाहिली. पिशवीतून मूठभर जोंधळा काढला आणि मूठ वाटीवर धरून बोटांमधून हळूहळू सोडला. तड तड तड... तारेवरच्या चिमण्या भुर्रकन उडाल्या.

“वाजतंय रं हे,” अण्णा म्हणाला. फराळाला थांब म्हटलं तर बस चुकेल म्हणाला. त्यानंतरही बेळगुंदीला दोन बसेस असतात, हे मला ठाऊक होतं.

अण्णाच्या बाराव्या दिवशी बेळगुंदीला गोठ्यात गेलो. आढ्याखाली जिथं आमची कुरी टांगलेली असायची तिथं नुसत्या दोऱ्या लोंबत होत्या. कुरी म्हणजे पेरणीची पाभर. तिच्यावर चाडं असतं, लाकडी वाटीसारखं. त्यात मुठीनं सोडलेलं बी तळाच्या भोकांतून, नळ्यांतून जमिनीत जातं. आमच्या घरी बैल अण्णा हाकायचा आणि चाड्यावर मूठ वहिनींची असायची, तीस वर्षं. कुरी कुठं गेली, मी विचारलं.

“तुमच्याच बागेत हाय की, भाऊजी.” वहिनी पदर सावरत म्हणाल्या. “शेत न्हाय तर कुरी टांगून काय करायची, पाखरं तरी खातील म्हणाले. पर मिरगाच्या आत चाडं तेवढं एक दिवस आणून द्या. पूजा झाली की परत न्या.”

“आणतो,” मी म्हणालो. शेतकऱ्याचा पोरगा मी. लहानपणी पेरणीच्या दिवशी त्याच चाड्याला हळद-कुंकू लावायला पुढं पळायचो. आणि ते पुढ्यात ठेवलेलं असताना मी बाजारातलं म्हणालो.

बेळगावातले सुतार आता कपाटं करतात. शेवटी निपाणीकडं एका म्हाताऱ्या सुताराकडून नवं चाडं करून आणलं. त्याला काळा रंग दिला. मग रोज सकाळी बागेत बसून काचपेपरनं त्याची कड घासू लागलो, वहिनींच्या हातानं झिजली होती तशी. पासष्टीचा माणूस, खोटं चाडं जुनं करतोय. अण्णानं पाहिलं असतं तर हसलाही नसता.

परवा वहिनींचा फोन आला. मी घाईघाईनं म्हणालो, “आणतोय हं, या आठवड्यात.”

“न्हाय आणलं तरी चालंल, भाऊजी.” त्या म्हणाल्या. “दिवाळीनंतर तुमच्याकडनं आलते तवाच त्यांनी सांगिटलंतं, चाडं गेलं म्हणून. त्या राती जेवले न्हाईत. तुमी आपणहून सांगशीला म्हणून मी मागिटलं.”

फोन ठेवून मी काचपेपर कचऱ्यात टाकला.

नवं चाडं वहिनींकडं नेण्यात आता अर्थ नव्हता. काल मी स्टीलची वाटी काढली आणि ते अण्णाच्या मांडवात बसवलं. मूठभर जोंधळा त्याच्यासारखाच बोटांमधून सोडला. चिमण्या तारेवरून लगेच उतरल्या, खाऊ लागल्या. त्यांना फरक कळत नाही. लाकडावर दाणे पडतात, आता काही वाजत नाही.